क्लिफर्ड्स टॉवरवर एवढं का लिहिलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप दोन. लोक सुट्टीत फुलं, तटबंदी आणि चर्च बघायला जातात, तिथे क्लिफर्ड्स टॉवर या किल्ल्याच्या बुरुजावरचं हत्याकांड सांगून मी सहलीवर विरजण घातलं; आणि यॉर्क मिन्स्टर, म्हणजे तिथलं भव्य कॅथेड्रल, मात्र चार ओळींत उरकलं.

पहिला आक्षेप मला अजिबात पटत नाही. डॅफोडिलच्या ज्या फोटोंचं तुम्ही कौतुक केलंत, ते त्याच टॉवरच्या टेकाडावरचे आहेत. 1190 साली इथे मेलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ ती फुलं लावली आहेत. एक फूल जवळून बघा. मधली पिवळी तुतारी सोडली तर पाकळ्या सहा, ज्यूंचं चिन्ह असलेल्या डेव्हिडच्या ताऱ्याच्या टोकांइतक्याच. बहर वसंतात येतो आणि हत्याकांडही 16 मार्चचं.

जमावापासून जीव वाचवायला शहरातले सुमारे दीडशे ज्यू, बायकामुलांसह, राजाच्या किल्ल्यातल्या बुरुजात शिरले होते. तो बुरूज लाकडी होता. आजचा दगडी टॉवर तेराव्या शतकातला. बाहेर वेढा पडला. जमावाच्या हाती सापडण्यापेक्षा बहुतेकांनी आतच मरण पत्करलं, बुरूज पेटला. जे उरले ते बाप्तिस्मा घ्यायला तयार होऊन, अभयाच्या शब्दावर बाहेर आले, आणि त्यांनाही मारलं. धर्मद्वेष होताच, पण म्होरक्यांमधला रिचर्ड मॅलेबिस ज्यू सावकारांचा कर्जदार होता, हेही विसरू नका. कत्तलीनंतर जमाव थेट मिन्स्टरमध्ये गेला, तिथे जपून ठेवलेले कर्जरोखे काढले आणि चर्चमध्येच जाळून टाकले. मग सांगा, टॉवर वगळून मिन्स्टरबद्दल कसं लिहू? टेकाडाच्या पायथ्याशी 1978 साली लावलेला स्मृतिफलक आहे. तो वाचायला दोन मिनिटं पुरतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांनाही, झेपेल तेवढं, जरूर सांगा.

मिन्स्टरवर स्वतंत्र लेख लिहितोय. पण तुम्ही लवकरच निघणार आहात, म्हणून एवढं आत्ताच सांगतो: सकाळी जा. पूर्वेकडची भव्य काचखिडकी, ग्रेट ईस्ट विंडो, सकाळच्या उन्हातच खरी उजळते. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती 1405 ते 1408 या तीन वर्षांत पुरी केली आणि त्याला 56 पौंड मिळाले. बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंतच्या कथा तिच्यात रंगवल्या आहेत. वरचे चौकोन नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, दुर्बीण न्याच.

बागेचं म्हणाल तर म्युझियम गार्डन्सला पैसे पडत नाहीत. तिथल्या ज्या कमानींना तुम्ही ‘पडक्या भिंती’ म्हणालात, ती सेंट मेरीज ॲबी, उत्तर इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक. आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये, मठ बंद झाला आणि लोकांनी त्याचे दगड इतर बांधकामांसाठी नेले. त्याच बागेत मल्टँग्युलर टॉवर हा बहुकोनी बुरूज आहे. त्याच्या भिंतीपाशी उभे राहा: खालचे छोटे, एकसारखे दगड आणि मधला लाल विटांचा पट्टा रोमनांचा; वरचे मोठे दगड मध्ययुगातले. हजारएक वर्षांचं अंतर एका नजरेत दिसतं. तिथे फोटो काढलात तर जरूर पाठवा.