वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरताना दिसतात का?

तुळशीचं लग्न लागलं की एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. इतर जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. फक्त सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, असं त्यात म्हटलेलं असतं. ऋषींना हे ठाऊक होतं, म्हणून सप्तपदीनंतर नवरा-नवरीला ही जोडी दाखवतात; विज्ञानाला ते आत्ता कळलं. सोबत संध्याकाळचा आणि पहाटेचा असे दोन फोटो: ‘बघा, जागा बदलली!’ कधी शेवटी हेही असतं की ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सरत आलं.

अरुंधती दाखवण्याची प्रथा खरी आहे, जुनी आहे आणि फार सुंदर आहे. तिला खोट्या विज्ञानाचा टेकू लागत नाही.

‘इतर जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो.’ असा एकही जोडतारा नाही. दोन्ही तारे एकमेकांना सारख्याच जोराने ओढतात आणि समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. जड ताऱ्याची कक्षा लहान, हलक्याची मोठी, एवढाच फरक. व्याधाचा (सिरियस ताऱ्याचा) जोडीदार सापडला तो यामुळेच. व्याध आकाशात सरळ न सरकता नागमोडी सरकतो हे पाहून जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८४४ मध्ये सांगितलं, की त्याला न दिसणारा सोबती असला पाहिजे. १८६२ मध्ये अमेरिकन दुर्बीणकार ॲल्व्हन क्लार्कला तो दुर्बिणीतून दिसला. त्यांची फेरी ५० वर्षांची आहे.

‘फोटोत ते फिरलेले दिसतात.’ हा मुद्दा सर्वात जास्त पटतो, कारण फोटो खरे असतात. चुकतो तो अर्थ.

आधी आकडे. दोघांमधलं अंतर आकाशात सुमारे १२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि ते ८० प्रकाशवर्षांहून थोडे दूर आहेत. म्हणजे त्यांच्यातलं अंतर कमीत कमी धरलं तरी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सतरा-अठरा हजार पट भरतं. वर्तुळाकार कक्षा मानून हिशेब केला तर एका फेरीला सात-आठ लाख वर्षं लागतील. दोघं अवकाशात एकाच दिशेने चालले आहेत आणि गुरुत्वाने बांधलेले असण्याची शक्यता बरीच आहे, पण त्यांची एकमेकांभोवतीची फेरी कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही.

मग फोटोत काय दिसतं? पृथ्वी फिरते म्हणून अख्खं आकाश ध्रुवाभोवती फिरतं. मार्चअखेर पुण्याहून रात्री आठला सप्तर्षी ईशान्येला असतात. तेव्हा अरुंधती वसिष्ठाच्या जवळजवळ खाली, किंचित डावीकडे दिसते. रात्री दीडच्या सुमारास जोडी उत्तरेला सर्वात उंच येते, तेव्हा अरुंधती वसिष्ठाच्या उजवीकडे असते. पहाटे पाचला वायव्येकडे कललेली जोडी पाहिली तर अरुंधती उजव्या हाताला वर गेलेली असते. ‘खाली’ आणि ‘वर’ हे आपल्या क्षितिजाचे शब्द आहेत. ताऱ्यांनी आपसातल्या जागा सोडलेल्या नसतात.

पडताळा घरच्या गच्चीवरून घेता येतो. मोबाईल तिपाईवर लावा, झूम न करता दहा सेकंदांचा फोटो घ्या, सातही ऋषी चौकटीत ठेवा. पहाटे तसाच दुसरा घ्या. आता एक फोटो फिरवून दुसऱ्यावर बसवा: सातही तारे जुळले की अरुंधतीही आपोआप जुळते. द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर आणखी एक खूण आहे. दोघांच्या मधल्या भागात, थोडा एका बाजूला, आठव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) आसपासचा अंधुक तारा दिसतो. तो पाठीमागे कितीतरी दूर आहे. १७२२ मध्ये लिबक्नेख्ट या जर्मन प्राध्यापकाला तो नवा ग्रह वाटला होता. या तिघांचा त्रिकोण रात्रभर जसाच्या तसा राहतो.

न्यूटन पद्धतीच्या (आरशाच्या) दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं आणि काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. दोन वेगळ्या दुर्बिणींतले फोटो शेजारी ठेवून ‘बाजू बदलली’ म्हणणं ही चूक फार वेळा होते.

‘विज्ञानाला आत्ता कळलं.’ अरुंधतीदर्शन-न्याय हा जुना संस्कृत दृष्टांत सांगतो तो असा: आधी ठळक तारा दाखवा, मग त्याच्याशेजारची बारीक अरुंधती. ते नुसत्या डोळ्यांचं, अचूक निरीक्षण आहे. त्यात परिभ्रमण नाही. दुर्बिणीतून गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्लीने १६१७ मध्ये पाहिलं की वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. १८८९ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला वर्णपटावरून कळलं की त्यातला तेजस्वी ताराही दुहेरी आहे. त्याची फेरी साडेवीस दिवसांची. पुढे दुसराही दुहेरी निघाला. २००९ मध्ये अरुंधतीजवळ लाल खुजा (लहान, मंद) तारा सापडला. एकूण सहा तारे: वसिष्ठाचे चार, अरुंधतीचे दोन.

कास्तेल्लीने पाहिलेली जोडी तुम्हालाही दिसेल. अंतर १४ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), त्यामुळे १० पट द्विनेत्रीत सहसा एकच ठिपका दिसतो. ६० मिमी भिंगाची दुर्बीण आणि ५० पट वर्धन पुरे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा आणि तापलेल्या स्लॅबवरून पाहू नका. वर येणाऱ्या गरम हवेने दोन्ही तारे एकमेकांत मिसळतात. नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) लांबवर दिसते ती अरुंधती; कास्तेल्लीने पाहिलेला जोडीदार वसिष्ठाला अगदी खेटून असतो.

‘दिसली नाही तर आयुष्य सरलं.’ हे वाचून घरातली म्हातारी माणसं घाबरतात, म्हणून स्पष्ट सांगतो: अंतराची काही अडचण नाही. १२ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. अरुंधती चौथ्या प्रतीची आहे आणि शहरी उजेडात ती हरवते. मोतीबिंदू किंवा चष्म्याचा चुकलेला नंबर हेही कारण असतं. त्याला डोळ्यांचा डॉक्टर आहे. शिवाय नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री आठला ही जोडी महाराष्ट्रात क्षितिजाखाली असते. डिसेंबरच्या मध्यात ती मध्यरात्रीनंतर उगवते. हिवाळ्यातल्या ऐन लग्नसराईत संध्याकाळी ती कोणालाच दिसत नाही. मे-जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊला ती उत्तरेला ५० अंशांच्या आसपास उंच असते. वीस मिनिटं अंधारात थांबा आणि नजर किंचित बाजूला ठेवून पाहा.

आणि जोडतारा खरोखर फिरताना पाहायचा असेल तर कन्या राशीतला पोरिमा आहे. जवळपास सारख्याच तेजाचे दोन तारे, फेरी सुमारे १६९ वर्षांची. २००५ मध्ये ते इतके जवळ आले होते, की लहान दुर्बिणींत एकच ठिपका दिसायचा. आता अंतर तीन विकलांहून जास्त आहे. १०० मिमीची दुर्बीण आणि १५० पट वर्धनाने ते वेगळे दिसतात. दर दोन-तीन वर्षांनी त्याच दुर्बिणीतून, त्याच नेत्रिकेतून त्यांचं चित्र काढून ठेवा, उत्तर दिशेची खूण करून.