सुपरवायझर काढा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेअकराला थोरल्या दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, वर तीन रॉकेट आणि खाली चार अंगठे. असले दिवसाला दहा येतात, मी सोडून दिला असता, पण खाली दाजींनी स्वतः टाइप केलं होतं, "आपल्याकडं पण करूया, एक पगार वाचतोय." दाजींची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, आहे आणि तो एक पगार म्हणजे सुपरवायझरचा, ज्याला अख्खं शॉप मामा म्हणतं. म्हणून झोप सोडून हे लिहालोय.

मेसेज थोडक्यात असा. सुपरवायझर, मॅनेजर हे नुसते निरोपे, खालचं वर सांगणारे, आता सगळा डेटा लाइव्ह मालकाच्या मोबाईलवर येतोय तर त्यांना पोसायचं कशाला. ऑपरेटरपासून मालकापर्यंत एकच डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे दाखवणारा एक स्क्रीन, पुरे. निर्णय एआय घेतंय. आणि टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर असेल तर तुमचं एमआयएस, म्हणजे निर्णयाला लागणारी माहिती काढायची व्यवस्था, तयारच आहे.

टॅलीचं आधी उरकतो. टॅलीत बिल, पावती, जीएसटी, म्हणजे झालेले व्यवहार नोंदले जातात, तो पाया, त्याच्याशिवाय वरचं काही उभं राहत नाही हे कबूल. पण कुठल्या गिऱ्हाइकाचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, किलोमागं परवडलं नाही हे दर महिन्याला काढून कुणीतरी बघितलं तर त्याला एमआयएस म्हणायचं. रिपोर्ट टॅलीतून निघतात की, पण काढतंय कोण? आपल्याकडं मार्चला सीए काढतोय.

आता लाइव्हचं. १९७१ साली गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोघांनी एक लेख लिहिला, एमबीएला आम्हाला तो घासून घासून शिकवला होता. त्याआधी हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनीनं १९६५ ला व्यवस्थापनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या, रोजचं काम चालवणं, त्याच्यावर नियंत्रण ठेवणं आणि सगळ्यात वर धोरण ठरवणं. या दोघांनी कुठल्या पायरीला कसली माहिती लागते याचा तक्ताच मांडला. खालच्या पायरीला माहिती लागते ती आतली, बारीक, ताजी, अचूक आणि सारखी सारखी. वरच्या पायरीला लागते ती बाहेरची, गोळाबेरीज, पुढच्या काळाची, आणि ती थोडी शिळी, थोडी ढोबळ असली तरी चालते. पन्नास वर्षं झाली या तक्त्याला आणि आपले रॉकेटवाले मालकाला लाइव्ह विकायला निघालेत!

फर्नेसवर बघा. स्पेक्ट्रोचं, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनचं, रीडिंग ओतायच्या आधी हातात पाहिजे, आणि ते याच हीटचं, म्हणजे या खेपेला वितळवलेल्या धातूचंच पाहिजे. तिथं महिन्याच्या सरासरीला कोण विचारतंय, कार्बन चुकला तर सगळी हीट वाया. दाजींना मात्र दुसरी फर्नेस घ्यायची का हे ठरवायचंय, त्यांना या हीटच्या कार्बनचं काय करायचंय? त्यांना भंगाराचा आणि पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, भाव कुठं चाललाय, ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर पुढच्या वर्षी टिकंल का, विजेचा दर काय होईल हे पाहिजे. यातलं एकही शॉपमधल्या सेन्सरला कळत नाही. २०१९ ला गाड्यांची विक्री पडली, वर ऑगस्टात महापुरानं शिरोलीजवळ हायवे बंद झाला, तेव्हा आत सगळी मशीनं ठणठणीत होती, डॅशबोर्ड असता तर हिरवागारच दिसला असता.

आणि लाइव्ह मालकाच्या हातात दिलं तर काय होतंय तेही सांगतो. सांगलीला लग्नात अक्षता पडालत्यात आणि दाजी कोपऱ्यात जाऊन फर्नेसवाल्याला फोन लावालेत, "ते लाल कशाला दिसालंय रे?" तो बिचारा वितळलेल्या लोखंडाचं लॅडल सांभाळू का फोन. एकच डॅशबोर्ड सगळ्यांना हा मुद्दा इथंच निकालात निघाला, त्याला वेगळं उत्तर देत नाही.

खरा राग मला निरोप्या या शब्दाचा आलाय. दाजी, गेल्या पावसाळ्यातलं आठवा. सेकंड शिफ्टला ब्लोहोलचं, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूची पोकळी राहिल्यामुळं, रिजेक्शन वाढत चाललं होतं. मोबाईलवर काय दिसलं असतं, एक आकडा, तांबडा. मामानं काय केलं, मिक्सरखालची साच्याची वाळू मुठीत घट्ट दाबली, मूठ उघडली, तो गोळा बोटानं मोडून बघितला आणि म्हणाला ओल जास्त झालीय. मग कळलं की शेडचा पत्रा गळालाय, नव्या वाळूचा ढीग बरोबर त्याच्याखाली, आणि पोरगं नेहमीच्याच मापानं पाणी घालतंय. पण मामा तिथं थांबला नाही. रजिस्टर काढून तीन आठवड्यांची फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट शेजारी शेजारी लावली, कुठले पार्ट अडकणार ते काढलं, कुणाचा डिस्पॅच दोन दिवस पुढं ढकलला तर चालतंय ते फोन करून विचारलं. ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं, का झालं आणि आता काय हलवायचं, मधल्या पायरीचं काम म्हणजे हेच. लहान फाउंड्रीत खालची आणि मधली पायरी एकच माणूस सांभाळतोय एवढाच फरक. त्याला काढून तुम्ही वाचवणार एक पगार, आणि भंगारात घालणार किती हीट ते मोजायला पण माणूस नसणार.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. १९५८ लाच लेविट आणि व्हिसलर या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी लिहून ठेवलं होतं की कॉम्प्युटरमुळं मधल्या मॅनेजरांची बरीच कामं आटतील. जे नुसते या वहीतले आकडे त्या वहीत उतरवून साहेबांना नेऊन द्यायचे त्यांची कामं गेलीच, आणि मामाचा पण रोजचा तासभर असल्या लिहिण्यात जातो, तो वाचवा की खुशाल.

एआय निर्णय घेतंय म्हणे. आपल्याला राधानगरी धरण माहीत आहे. सात स्वयंचलित दरवाजे, पाण्याचा दाब आला की उघडतात, कुणाला विचारत नाहीत. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, तिथं यंत्रावर सोडायला हरकत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाला आलं की इशारा आणि ४३ ला धोका हे पण ठरलेलं. पण पुरात सापडणाऱ्या चिखली-आंबेवाडीतली माणसं रात्रीच हलवायची का सकाळपर्यंत थांबायचं, जनावरं कुठं न्यायची, ते दरवाजा सांगत नाही, तिथं आकडा बघून कुणीतरी डोकं चालवतंय. आणि मुळात धरण बांधायचं हे शाहू महाराजांनी ठरवलं ते कुठल्या लाइव्ह स्क्रीनवर बघून? त्या १९७१ च्या लेखात दुसरी बाजू हीच होती, ठरीव, अर्धं ठरीव आणि बिनठरीव निर्णय.

दाजी, डॅशबोर्डचा डेमोवाला शनिवारी येणार म्हणालाय ना, त्याला ऑफिसात चहा देत बसू नका, सरळ सँड प्लांटवर न्या आणि वाळूची ओल कुठं दिसंल ते विचारा, मामाच्या समोर. मी रविवारी येतोय, सेकंड शिफ्टचं रजिस्टर काढून ठेवा. तोवर पगाराचा विषय मामाकडं काढू नका, आणि तो मेसेज ग्रुपवरनं डिलीट करा, मामाचं पोरगं पण आहे त्या ग्रुपवर.