बुरशीचं टोक आणि पाण्याचा दाब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा पहिला आक्षेप असा, की बुरशीचा तंतू आतल्या पाण्याच्या दाबाने पुढे सरकतो आणि मी माझ्या लेखात ॲक्टिनला, म्हणजे पेशीत जुळून धागे बनवणाऱ्या प्रथिनाला, उगाच मखरात बसवलंय. दुसरा असा, की बेनोमिल हे बुरशीनाशक सूक्ष्मनलिकांची (पेशीतल्या प्रथिनांच्या पोकळ नळ्यांची) जुळणी रोखतं आणि बुरशी मरते, तेव्हा मान द्यायचाच तर सूक्ष्मनलिकांना द्यावा.

दाब लागतो, यावर वादच नाही. पण तो सगळ्या दिशांना सारखा असतो. नुसत्या दाबावर भागलं असतं तर पेशी चहूबाजूंनी फुगली असती. प्रत्यक्षात काही मायक्रोमीटर जाडीची नळी निघते आणि ती फक्त टोकाला लांबते. नवी भिंत तिथेच का रचली जाते, हा माझ्या लेखाचा प्रश्न होता. ॲक्टिनची जुळणी बंद पाडणारं लॅट्रन्क्युलिन किंवा सायटोकॅलेसिन दिलं की टोक फुगतं, दिशा हरवते. दाब तेव्हाही असतोच की!

'ही प्रथिनं म्हणजे नुसते वाहतुकीचे रस्ते' हे तुमचं म्हणणंही मला अपुरं वाटतं, कारण हे रस्ते आधीपासून बांधलेले नसतात. ॲस्परजिलस निडुलन्स या बुरशीत सेप-ए नावाचं फॉर्मिन (ॲक्टिनचे धागे जुळवणारं प्रथिन) टोकाशी बसून ॲक्टिनचे रेणू एकेक करून जोडतं. नवा रेणू फॉर्मिनपाशीच बसतो आणि आधी जुळलेला भाग मागे लांबत जातो. त्या धाग्यांवरून मायोसिन हे वाहक प्रथिन भिंतीचा माल भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) टोकाकडे आणतं. पुटिकांचा तो घोळका म्हणजे स्पिट्झेनकॉर्पर. ब्रुन्सविकने तो १९२४ मध्ये रंगवलेल्या तंतूंत पाहिला, गिरबार्टने १९५७ मध्ये जिवंत तंतूंत. टोकाच्या जरासं मागे हेच ॲक्टिन आर्प-२/३ या प्रथिनसमूहाच्या मदतीने फांद्या फुटलेल्या जाळीसारखं जुळतं आणि पेशीपटलाचे तुकडे आत ओढून घेतं. प्रथिन एकच, जुळणी निराळी, काम जवळजवळ उलटं. मला यातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

आता बेनोमिल. ते सूक्ष्मनलिकांचा घटक असलेल्या बीटा-ट्युब्युलिनला चिकटतं आणि केंद्रकांचं विभाजन अडतं. बुरशी मरते ती मुख्यतः त्यामुळे. तंतूची वाढ मात्र तिथल्या तिथे थांबत नाही. तो संथपणे, वाकडातिकडा वाढत राहतो. सूक्ष्मनलिका टी-ए हे प्रथिन टोकापर्यंत पोचवतात आणि फॉर्मिनने कुठे बसायचं हे त्यावरून ठरतं. म्हणून त्या नसल्या की आधी सरळपणा जातो. (सूक्ष्मनलिकांना मी कमी लेखतो असं समजू नका. त्यांची सुरुवात करून देणारं गॅमा-ट्युब्युलिन पहिल्यांदा सापडलं ते १९८९ मध्ये, याच ॲस्परजिलस निडुलन्समध्ये.)

शेवटी तुम्ही विचारलंय, ॲक्टिन सतत जुळत असेल तर टोक टप्प्याटप्प्याने का वाढतं? ते सतत जुळत नाही. २०१७ मध्ये याच बुरशीत दिसलं की कॅल्शियम पेशीत ठरावीक काळाने उसळून येतं, आणि ॲक्टिनची जुळणी व पुटिका रित्या होणं ही दोन्ही त्या उसळीच्या तालावर चालतात.