गूगल नव्या साइटला सहा महिने कोंडतं म्हणे!

जळगाव-भुसावळच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "नवीन वेबसाइट गूगल सहा महिने सँडबॉक्समध्ये कोंडून ठेवतं. तोवर काहीही करा, वर येणार नाही. सुटका हवी असेल तर गूगलला जाहिरात द्या, पाचशे बॅकलिंक घ्या, डोमेनचे दहा वर्षांचे पैसे एकदम भरा. आणि मराठीत लिहू नका, मराठीला गूगल विचारत नाही." शेवटी जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या साइट मीच बनवलेल्या, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

आधी कोठडीचं बघू. सँडबॉक्स हा शब्द या अर्थाने गूगलने दिलेला नाही. 2004 च्या सुमारास वेबसाइट चालवणाऱ्यांमध्येच तो रूढ झाला, आणि गूगलची माणसं 'असं काही नाही' म्हणत आली. पण मेसेज लिहिणाऱ्याला पार खोटं ठरवता येत नाही. मे 2024 मध्ये गूगलची काही अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यात साइटच्या वयाची एक नोंद आहे, आणि ताज्या स्पॅमला अडवून ठेवण्यासाठी ती वापरतात असं तिथेच लिहिलंय. म्हणजे नव्या पत्त्यावरून कचरा येत असेल तर त्याला दारातच थांबवायचं. सरसकट प्रत्येक नव्या साइटला सहा महिन्यांची शिक्षा, असं त्यात नाही.

मग नवी साइट दिसत का नाही? कधीकधी ती आपणच कोंडलेली असते. रावेरकडच्या एका केळी रोपवाटिकेची साइट मी केली होती. तीन महिने झाले तरी गूगलवर नावसुद्धा नाही. मालक दर आठवड्याला विचारायचे, "काय भो, कव्हा दिसीन आपली साइट?" आणि मीही ऐटीत सांगायचो, नवीन आहे, वेळ लागतो. एक दिवस सर्च कन्सोल, म्हणजे साइटवाल्यांसाठीचं गूगलचं तपासणीचं साधन, उघडून पाहिलं. साइट ज्यावर बनवली त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये' अशा अर्थाची एक चौकट असते. बांधकाम चालू असताना मी तिथे टिक केली होती, ती काढायची राहून गेली. चूक सर्वस्वी माझी, बोल मात्र गूगलला. 'सहा महिने थांबा' हा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो. नोंदच होत नसेल तर साठ महिने थांबूनही उपयोग नाही. सर्च कन्सोल फुकट आहे, आणि आपलं पान नोंदलं गेलंय की नाही हे तिथे मिनिटभरात कळतं.

टिक काढली, नोंद झाली. तरी 'केळी लागवड' शोधलं की आम्ही कुठेच नव्हतो. ते का, हे केळीवाल्याला समजावायला मला फार शब्द लागले नाहीत. टिश्यू कल्चरच्या रोपांची नवी बाग कापणीला यायला 11-12 महिने घेते. पिलबाग, म्हणजे कापलेल्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलांची बाग, त्याआधी येते, कारण खाली मुळं तयार असतात. जुन्या साइटचं नवं पान म्हणजे पिलबाग. इतरांनी तिला आधीच लिंक दिलेल्या असतात, गूगलचा रोबोट तिच्याकडे वरचेवर फिरकतो, लोक तिला नावाने शोधतात. आमची नवी लागवड, तीही जुन्या बागांच्या दाटीत. एचरेफ्स या कंपनीने 2017 मध्ये केलेल्या पाहणीत नव्या पानांपैकी जेमतेम 5.7 टक्के पानं वर्षभरात पहिल्या दहांत पोचली होती. गूगलनेही त्याच वर्षी एका व्हिडिओत सांगितलं की साइट वर आणण्याच्या कामाचं फळ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. वेळ लागतो, हे खरंच आहे. पण तेवढ्या काळात मुळं धरायची असतात, नुसतं बसून राहायचं नसतं.

जाहिरातीचा मुद्दा एका वाक्याचा आहे: जाहिरात दिली की 'प्रायोजित' म्हणून वर दिसाल, पैसे थांबले की गायब, आणि खालच्या फुकटच्या निकालांवर तिचा काही परिणाम होत नाही असं गूगल उघड सांगतं. डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, दहा वर्षांचे पैसे भरले तर दर वर्षी भरायची आठवण ठेवावी लागणार नाही. फायदा तेवढाच.

पाचशे बॅकलिंकांचं, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं, मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण आपल्याकडे यात खरोखर पैसे जातात. लिंकला किंमत आहेच. दुसऱ्याने दिलेली लिंक म्हणजे एक शिफारस, याच कल्पनेवर 1998 मध्ये गूगल उभं राहिलं. पण स्थळाची चौकशी करायला आलेल्यांना भाड्याने आणलेली पाचशे माणसं 'पोरगा चांगला आहे' म्हणून सांगू लागली, तर सोयरीक जुळेल का? 2012 मध्ये निकाल लावण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून गूगल असल्या विकतच्या शिफारशींच्या मागे लागलंय. आता बऱ्याचदा त्या सरळ मोजल्याच जात नाहीत, आणि वर कारवाईचा धोका असतो. त्यापेक्षा ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे अशा खत-ठिबकच्या विक्रेत्याच्या साइटवरची एक लिंक बरी.

राहिलं मराठी. इथे मेसेज नेमका उलटा आहे. इंग्रजीत केळीवर लिहाल तर सगळ्या जगाशी झुंज. मराठीत गर्दी कमी, आणि खानदेशी शेतकऱ्याच्या शब्दांत तर त्याहून कमी. आमच्याकडे जूनची लागवड ती मृगबाग, ऑक्टोबरची ती कांदेबाग. केळीवरचा सीएमव्ही हा विषाणू शेतकऱ्याच्या तोंडी 'हरण्या' असतो. बागेत उभा राहून मोबाइलवर तो हेच शब्द टाकणार. अट एवढीच, की पान माणसाने आणि माहीत असलेल्याने लिहिलेलं हवं. यंत्राकडून शेकडो पानं भाषांतरित करून टाकली, तर मार्च 2024 पासून गूगलच्या नियमांत असल्या घाऊक मालाला स्पॅम म्हणतात.

रोपवाटिकेच्या मालकांनी मग स्वतःच्या बागेतले फोटो काढून 'हरण्या कसा ओळखावा' यावर एक पान लिहिलं. पिवळट पट्टे पहिल्यांदा कुठल्या पानावर दिसले, किती झाडं उपटली, कुठे पुरली, सगळं. पाचव्या आठवड्यात ते गूगलच्या पहिल्या पानावर होतं, आणि बऱ्हाणपूरहून रोपांसाठी फोन आला. 'केळी लागवड'साठी आम्ही अजून कुठेच नाही.