हेडफोन फुल्ल, तरी किक सापडेना

नव्या डीजेला हमखास मिळणारा एक सल्ला आहे: ‘हेडफोन फुल्ल ठेव, नाहीतर दोन गाण्यांचे बीट जुळणार नाहीत. बूथ मॉनिटरही (डीजेच्या शेजारचा स्पीकर) फुल्ल. कान आपोआप सरावतात. दुखत नाहीत तोवर घाबरायचं कारण नाही. आणि दोन्ही कान झाकून मिक्स करतो तो डीजेच नव्हे.’ मी हा सल्ला दोन वर्षं इमानेइतबारे पाळला. रात्री अंथरुणावर पडलं की पंख्याच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी चढायची, सकाळी जायची. ती सकाळी जाते म्हणून मी निर्धास्त होतो.

आधी पहिलं वाक्य, कारण बाकी सगळं त्याच्याच आधाराने उभं आहे. त्यात खरं एवढंच, की क्यू केलेलं, म्हणजे हॉलला ऐकवण्याआधी फक्त हेडफोनमध्ये घेतलेलं पुढचं गाणं भोवतालच्या आवाजातून वर यायला हवं. पण ते वर आणण्यासाठी हेडफोनचा नॉब हा शेवटचा उपाय. क्यूचा आवाज फेडरच्या (गाणं हॉलमध्ये सोडणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीचा असतो, त्यामुळे तो ट्रिमवर (चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणाऱ्या नॉबवर) अवलंबून राहतो. वाजणाऱ्या चॅनलचं मीटर वर आणि येणाऱ्या गाण्याचं दोन घरं खाली असेल, तर हेडफोनमध्ये ते मिणमिणणारच. तिथे ट्रिम उचलायचा. आणखी एक गंमत: अनेक मिक्सरवर क्यूचा सिग्नल ईक्यूनंतर (बेस-ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या नॉबनंतर) घेतलेला असतो. बेसची अदलाबदल करायची म्हणून तुम्ही येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचा नॉब) आधीच शून्यावर नेलेला असतो आणि मग हेडफोनमध्ये किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, शोधत बसता. ती तिथे नाहीच. नॉब कितीही फिरवा. जुळवणी होईपर्यंत लो परत वर आणा, किंवा सरळ क्लॅप आणि हाय-हॅट (टाळीचा आणि झांजेचा आवाज) धरा. हॉलच्या बेसखाली किक बुडते, क्लॅपचा टोकदार आवाज मात्र बराच खालच्या पातळीवरही सापडतो.

मॉनिटर फुल्ल? मॉनिटर हवाच, पण त्याचं कारण वेगळं आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मुख्य स्पीकर १५ मीटर लांब असतील तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत जवळजवळ ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) एक बीट ४६९ मिलिसेकंदांचा. त्यात एवढा उशीर म्हणजे हॉलची आणि हेडफोनची अशा दोन किक घोडदौडीसारख्या ऐकू येणार. हाताशी असलेला मॉनिटर हा उशीर काढतो, आणि त्यासाठी त्याने मुख्य स्पीकरपेक्षा थोडं स्पष्ट असणं पुरतं. तो फुल्ल केला की हेडफोनला त्याच्याशी भांडावं लागतं, मग हेडफोन वाढतो, मग मॉनिटर कमी वाटतो. जुळवणी करताना मॉनिटर खाली आणा, मिक्स बसला की पुन्हा वर. बूथचा नॉब त्यासाठीच हाताजवळ दिलेला असतो.

‘कान सरावतात’ हे वाक्य सर्वांत घातक. सरावल्यासारखं वाटतं तो खरं तर थकवा असतो: मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी तात्पुरती घसरते, म्हणून तासाभरापूर्वी मोठा वाटलेला आवाज आता बेताचा वाटतो. म्हणूनच रात्र सरता सरता मीटर लाल होत जातं. दर वेळी ही घसरण पूर्ण भरून निघेलच असं नाही, आणि माणसाच्या आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की नव्याने उगवत नाहीत. सुरुवातीला, कान ताजे असताना, हेडफोनच्या नॉबची जागा चिकटपट्टीने खुणावून ठेवा. नंतर कानापेक्षा त्या पट्टीवर विश्वास ठेवा.

दुखण्याचं तर बोलूच नये. कान दुखायला साधारण १२० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज लागतो. इजा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९१ ला दोन तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी सुचवलेली कमाल सरासरीही १०० डेसिबलच आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्या हॉलमध्येही ती पातळी बूथपर्यंत पोहोचत असेल, तर हेडफोन लावण्याआधीच तुमचा दिवसाचा वाटा पाव तासात संपतो.

राहिला एका कानाचा मान, म्हणजे एकच कान झाकून मिक्स करण्याचा. एका कानाने ऐकलं की तोच आवाज दोन कानांपेक्षा कमी वाटतो आणि बोट आपसूक नॉबकडे जातं. त्याऐवजी दोन्ही कान झाका आणि क्यू-मिक्सचा नॉब (हेडफोनमध्ये येणारं आणि वाजणारं गाणं किती किती घ्यायचं ते ठरवणारा) मधोमध आणून वाजणारं गाणंही हेडफोनमध्येच घ्या. हॉलचा उशीर तिथे नाही, गोंगाट कमी, म्हणून पातळीही कमी लागते. मॉनिटर नसलेल्या बूथमध्ये तर दुसरा शहाणा मार्गच नाही. एक कान मोकळा हवाच असेल, तर त्यात सगळे सूर सारखेच खाली आणणारा, संगीतासाठीचा इअरप्लग घाला. फोमचा साधा प्लग ट्रेबल जास्त खातो. मी आता असंच करतो. पहिल्या दोन रात्री सगळं मेणचट वाटलं, तिसऱ्या रात्री प्लग घातलाय हेच विसरलो आणि घरी जाताना तो कानातच राहिला.