दहावीनंतर कुठल्या राज्यात?

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांत सध्या दोन तट पडलेत. शाळेत मुलांचं मतदान झालं, त्यांचं मंत्रिमंडळ झालं, मुख्यमंत्र्यापासून स्वच्छता मंत्र्यापर्यंत सगळ्यांनी शपथ घेतली. एका तटाला त्याचं कोण कौतुक. दुसरा म्हणतो, हा पोरखेळ पुरे, शाळा इंग्रजी माध्यमाची करा, नाहीतर पोरं उरायची नाहीत. मी अमेरिकेत मेरीलँडला राहते, मुलगी इथं हायस्कूलला आहे, म्हणून दोन्हीकडून विचारणा: तुमच्याकडे काय करतात?

इथलीही विद्यार्थी कौन्सिलं बरीचशी नाचाचे कार्यक्रम आणि पोस्टरं यांतच रमलेली असतात, हे आधी सांगून टाकते. पण मॉन्टगोमेरी, हॉवर्ड अशा काउंटींत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, शिक्षण मंडळावर मुलांनी निवडून दिलेला एक विद्यार्थी बसतो, आणि त्याला मत असतं. कोविडात शाळा उघडायच्या का, यावर हॉवर्डमध्ये त्या एका मतानं ठराव अडला. पालक कोर्टात गेले. 2022 मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मत कायदेशीर ठरवलं.

आपल्या मंत्रिमंडळात परिवहन मंत्री का नसतो, हे मला कोडंच आहे. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, उत्तमच झालं. पण सकाळची बस भरून आली आणि थांब्यावर थांबलीच नाही, की खेड्यातल्या पोरांचा पहिला तास गेला. डेपो मॅनेजरला पत्र लिहायचं काम द्या की त्या मंत्र्यांना!

माध्यमाच्या भांडणात मात्र मुद्द्याचं राहून जातं. आपलं पोर दहावीनंतर नुसतं सायन्स की कॉमर्स एवढंच ठरवत नाही, ते राज्यही ठरवतं. बेळगावात पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, करायची, की कोल्हापूर-गडहिंग्लजला अकरावी? पीयूसीला सायन्स घेतलं, की कालपर्यंत मराठीत शिकलेलं सगळं एकदम इंग्रजीत. कर्नाटकच्या सीईटीत राज्यात 7 वर्षं शिकल्याची अट बघावी लागते. कन्नड माध्यमाचा कोटा आपल्या मुलांना नाही, ग्रामीण कोटा मात्र असू शकतो, तोही कागद नीट असतील तर. तिकडे महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना 865 सीमावर्ती गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे, पण दाखले वेळेत काढले तर. हे सगळं सांगतं कोण? ज्याचा मामा कोल्हापुरात, त्याला कळतं. बाकीचे, मित्र जिकडे गेला तिकडे जातात. आणि इंग्रजी माध्यमातलं पोरही याच फाट्यावर येऊन उभं राहतं, हे दुसऱ्या तटानं ध्यानात घ्यावं.

माझ्या मुलीला शाळेत कौन्सेलर आहे. एका कौन्सेलरमागे 250 मुलं असावीत, अशी इथल्या त्यांच्या संघटनेची शिफारस. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जास्तच असतात, आणि पैसेवाले आईबाप वर खासगी सल्लागार ठेवतात. तेव्हा फार हेवा नको. हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा: तिनं फिजिक्सबरोबर मातीची भांडी करायचा वर्ग घेतला, कुणी भुवई उंचावली नाही, आणि नाही जमलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं. आपल्याकडे आर्ट्स घेतलं की घरात सुतक.

आम्ही माजी विद्यार्थी स्मार्ट बोर्डासाठी वर्गणी काढतोय. बोर्ड थांबू दे. परीक्षेआधी, जानेवारीत, दोन शनिवार पालकांना शाळेत बोलवा. त्यासाठी मानसतज्ज्ञ लागत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत दोन्ही राज्यांचे फॉर्म स्वतः भरलेली आपलीच पोरं लागतात, एक धारवाडहून, एक कोल्हापूरहून, आणि आर्ट्स घेऊन बरं चाललेली एखादी पोरगी तर हवीच. तारीख मंत्रिमंडळानं ठरवावी, घरोघरी निरोपही त्यांनीच द्यावा. गटातल्या एका दादांनी लगेच खर्च विचारला. चहा-पोहे, दादा, आणि फॉर्मच्या झेरॉक्स.