परदेशातून : अरबी शिकून काय हशील?

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेले दोन आठवडे अरबी पेटलंय. झालं असं की माझी पुण्यातली भाची, म्हणजे दादाची मुलगी, बीए झाल्यावर मुंबईला जाऊन अरबीत एमए करायचं म्हणतेय, आणि हे तिने सांगितलं कधी तर रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना. वहिनी काहीच बोलली नाही. दादाने तसाच उठून ग्रुपवर टाकलं, "अरबी शिकून काय हशील? दुबईत रिसेप्शनला बसणार का?" त्यावर मामांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, की ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आता तरी तिच्यातले अरबी-फारसी शब्द हाकला, आणि खाली साठ-सत्तर शब्द, आणि शेवटी "मंडळी, ही यादी जरूर शेअर करा, फक्त वाचून सोडू नका". मी एवढंच लिहिलं की मामा, 'यादी' फारसीतून आलंय, 'जरूर' आणि 'फक्त' अरबीतून. तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नाहीयेत.

मग दादाचा वेगळा मेसेज आला. तू जर्मनीत आहेस, तूच सांग तिला, तिकडे लोक असलं काही शिकतात का आणि शिकून पोट भरतं का. परदेशात राहणाऱ्या माणसाला घरचे असंच विचारतात, म्हणजे आधी निकाल ठरलेला असतो, आपण फक्त तिकडचा शिक्का मारायचा. तर दादा, शिक्का मारत नाही पण सांगते.

मी राहते हारबुर्गला, एल्बे नदीच्या दक्षिणेला. आता हा हॅम्बुर्गचाच भाग आहे, पूर्वी वेगळं गाव होतं. इथे २ मार्च १८३६ ला थिओडोर नोल्डेके नावाचा माणूस जन्मला. पुढे तो स्ट्रासबुर्गला प्रोफेसर होता, १८६० मध्ये त्याचा कुराणाच्या इतिहासावरचा ग्रंथ आला, १८८० मध्ये सुरयानीचं म्हणजे सिरियाक या जुन्या अरामी भाषेचं व्याकरण आलं जे अजून वापरतात, चौऱ्याण्णव वर्षं जगला, आणि या सगळ्यात पूर्वेकडचा एकही देश त्याने डोळ्यांनी पाहिला नाही. सगळं पुस्तकांतून आणि हस्तलिखितांतून. मला आधी हे हास्यास्पद वाटायचं, की दमास्कस न बघता कसला रे अरबीचा पंडित. आता तितकं वाटत नाही.

आमच्या रस्त्यावर एक दुकान आहे, ऑलिव्ह, चीज, पाव वगैरे. मालक तुर्कस्तानच्या आग्नेयेकडच्या तूर आब्दीन भागातले, सुरयानी ख्रिश्चन, त्यांचे वडील इथे कामगार म्हणून आले. हे लोक घरात आजही जी भाषा बोलतात ती अरामी कुळातली, नमस्काराला 'श्लोमो' म्हणतात. तिकडच्या सरकारी शाळेत ही भाषा कधी शिकवली नाही, लिपी शिकले ती चर्चमध्ये. एकदा माझ्या ऑफिसातला कोट्टायमचा, तिथल्या सीरियन ख्रिश्चनांतला मुलगा माझ्याबरोबर दुकानात आला होता, बोलता बोलता त्याने चर्चमधली एक ओळ म्हटली, 'कादीशात आलोहो', पवित्र आहेस तू देवा असा काहीतरी अर्थ. मालकांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि पुढची ओळ म्हटली. केरळचा पोरगा आणि तूर आब्दीनचा दुकानदार, दोघांना एकमेकांची एकही भाषा येत नाही, जर्मन दोघांचं यथातथाच, आणि ही एक सुरयानी प्रार्थना दोघांनाही पाठ! मी आपली चीजचा डबा धरून उभी. नोल्डेकेचं नाव मात्र मालकांनी ऐकलेलं नव्हतं, तो इथेच जन्मला हे सांगितल्यावर म्हणाले, मग त्याने आमच्याशी बोलून बघायला हवं होतं.

खरं तर बोलले होते दोघे. प्रिम नावाचा जर्मन आणि सोत्सिन नावाचा स्विस, असे दोन तरुण १८६९ मध्ये दमास्कसला गेले, तिथे त्यांना तूर आब्दीनचा एक मजूर भेटला, त्याच्याकडून त्यांनी गोष्टी ऐकून उतरवून घेतल्या आणि १८८१ मध्ये छापल्या. प्रिम आणि सोत्सिन यांची आडनावं उरली, मजूर राहिला नुसता 'जानो'. हे लक्षात राहू दे, कारण आता जिची गोष्ट सांगायचीय तिचंही नावाचंच दुखणं आहे.

मी तीन वर्षांपूर्वी इथल्या संध्याकाळच्या वर्गात अरबी शिकायला लागले. कारण फार थोर नाही. हारबुर्गमध्ये २०१५ नंतर सीरियातून आलेली खूप कुटुंबं आहेत, बसमध्ये, डॉक्टरकडे, मुलाच्या शाळेत सगळीकडे अरबी कानावर येतं आणि मधेच एखादा शब्द आपल्या ओळखीचा निघतो, ते चटक लावणारं आहे. बाई अलेप्पोच्या. पहिल्या महिन्यातच त्यांनी सांगितलं, हान्स वेरची डिक्शनरी घ्या. आता ही डिक्शनरी आपल्या शब्दकोशासारखी नाही, शब्द ज्या अक्षराने सुरू होतो तिथे तो बहुतेक वेळा सापडतच नाही, आधी त्याचा तीन अक्षरांचा धातू ओळखायचा आणि तिथे जायचं. मी हट्टाने 'महसूल' शोधायला घेतला. म खाली नाही. बाईंनी हसून पान उलटलं, ह-स-ल या धातूखाली, तो ह घशातला आणि स जड. आणि तिथे एकाच कुटुंबात बसलेले, महसूल म्हणजे पीक किंवा उत्पन्न, तहसील म्हणजे गोळा करणं, आणि हासिल.

हासिल म्हणजेच आपलं हशील. दादा, तू जे ग्रुपवर टाकलंस ना, "अरबी शिकून काय हशील", त्यात अरबी नाही तर काय आहे?

असो. तर ही डिक्शनरी जगभर अरबी शिकणारे वापरतात, पहिली आवृत्ती १९५२ ची. तिच्या प्रस्तावनेत ज्यांनी मदत केली त्यांचे आभार आहेत, त्यात एक नाव फ्रॉइलाइन, म्हणजे कुमारी, डॉ. ह. क्लाइन. ही कोण, पुढे काय झालं तिचं, त्या आवृत्तीत एक अक्षर नाही.

हेडविग क्लाइन, जन्म १९११, ज्यू. वडील पहिल्या महायुद्धात लढताना गेले. हॅम्बुर्ग युनिव्हर्सिटीत अरबी शिकली, ओमानच्या इतिहासाचं एक अरबी हस्तलिखित होतं त्याच्या एका प्रकरणाचं संपादन हा तिचा प्रबंध. ज्यूंना परीक्षेला बसायला बंदी होती, वडील युद्धात लढताना मेले असा अर्ज करून तिने परवानगी मिळवली, डिसेंबर १९३७ मध्ये तोंडी परीक्षा झाली, परीक्षकांनी प्रबंध उत्तम म्हणून पास केला. आणि मग छापायची शेवटची मंजुरीच दिली नाही. मंजुरी नाही म्हणजे डॉक्टरेट नाही. ऑफिसच्या टेबलावर अडकलेल्या कागदाने माणूस कसा मारतात हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, इथे तर तो कागद मुद्दाम अडकवला होता.

आणि आता ऐका. राथयेन्स नावाच्या एका भूगोलवाल्याने, जो येमेनमध्ये फिरलेला होता, खटपट करून तिच्यासाठी व्हिसा मिळवला. कुठला? ब्रिटिश इंडियाचा. मुंबईतल्या एका अरबीच्या प्राध्यापकांनी मदत केली होती. ऑगस्ट १९३९ मध्ये ती 'राउएनफेल्स' नावाच्या बोटीने मुंबईला यायला निघालीसुद्धा, वाटेत अँटवर्पहून कार्ड टाकलं की हवा छान आहे, पुढची काळजी आत्ता करत नाही, अल्ला बघून घेईल अशा अर्थाचं. युद्ध तोंडावर आलं म्हणून बोटीला परत फिरायचा हुकूम झाला. ती पुन्हा हॅम्बुर्गला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहिला विचार हाच आला की पोचली असती तर आपल्या मुंबईत अरबी शिकवत म्हातारी झाली असती. पण लगेच स्वतःलाच आवरलं. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं होतं, त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. वहिनीचं माहेर नगरचं, तिला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बाई म्हणून हिला कदाचित मोकळं सोडलं असतं, जगली तर नक्कीच असती. यापलीकडे आपली पाठ थोपटायला नको.

हॅम्बुर्गला परतल्यावर तिच्या सरांनी, आर्थर शाडे त्यांचं नाव, तिला वेरच्या डिक्शनरीचं काम मिळवून दिलं. म्हणजे नवी अरबी पुस्तकं वाचायची आणि शब्द अर्थासकट चिठ्ठ्यांवर उतरवायचे. काम सगळ्यांना पसंत होतं. आणि डिक्शनरी कशाला हवी होती, तर सरकारला हिटलरच्या पुस्तकाचं अरबी भाषांतर नीट व्हायला हवं होतं, वेर स्वतः नाझी पक्षात. म्हणजे तिच्या चिठ्ठ्या कोणाच्या कामाला लागणार होत्या बघा. काही काळ या कामानेच तिला वाचवलं. ११ जुलै १९४२ ला तिला ऑशविट्झला पाठवलं, तिथून ती आली नाही. डॉक्टरेट युनिव्हर्सिटीने १९४७ मध्ये दिली.

तिच्या घरासमोर पार्कआले रस्त्यावर आणि युनिव्हर्सिटीच्या मुख्य इमारतीसमोर फरसबंदीत तिच्या नावाचे छोटे पितळी दगड बसवलेत, तळहाताएवढे. मी मुद्दाम गेले होते. एक मुलगा सायकल टेकवून फोनवर बोलत त्याच्यावरच उभा होता, मला बघून बाजूला झाला. त्याला वाटलं माझं काहीतरी पडलंय.

आता दादाचा प्रश्न, जर्मनीत हे सगळं कशासाठी शिकायचे. तर सुरुवातीलाच सांगायचं झालं तर वसाहतींसाठी. हॅम्बुर्गला १९०८ मध्ये कलोनियल इन्स्टिट्यूट निघालं, अधिकारी तयार करायला, अरबी-इस्लामचा विभाग तिथे सुरू झाला आणि युनिव्हर्सिटी त्यानंतर, १९१९ मध्ये आली. मग हिटलरला डिक्शनरी हवी होती. आता निर्वासितांसाठी दुभाषे हवेत. 'उपयोग काय' याचं उत्तर इथेही दर वेळी तयार होतं, फक्त ते देणारे बदलत गेले. म्हणून मला 'देशाला उपयोग' म्हटलं की जरा धडकीच भरते, आणि मामांचा 'परकीय शब्द हाकला' आणि तुझा 'दुबईचा जॉब' हे मला एकाच तराजूची दोन पारडी वाटतात, भाषा कोणाच्या बाजूची आणि पैसे किती.

पोटाचं म्हणशील तर तू चूक नाहीस. इथेही अशा विषयांना 'ऑर्किड विषय' म्हणतात, दिसायला सुंदर आणि सांभाळायला महाग, विभाग बंद करा अशी चर्चा इथेही होते. संशोधकांना कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं तात्पुरती काँट्रॅक्टं देता येतात, मग प्रोफेसर व्हा नाहीतर बाहेर. २०२१ मध्ये त्यावर संशोधकांच्या 'इश बिन हाना' (मी हाना) या हॅशटॅगने मोठा गोंधळ झाला होता. तेव्हा जर्मनीत अरबीवाल्यांना सोन्याचे दिवस आहेत असं मी तिला अजिबात सांगणार नाही.

पण मामांना एक विचारायचंय, बोलायला लागले की. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, त्याचा दाखला प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतो. तो करणाऱ्याला एकेक शब्द माहीत होता म्हणून तर जोडीला दुसरा ठेवता आला ना? आणि महाराजांचाच इतिहास, ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' काढलं, सेतुमाधवराव पगडींनी मोगलांचे कागद मराठीत आणले, ती माणसं नसती तर आपण अर्ध्याच बाजूचं वाचत बसलो असतो. त्यांच्यानंतर हे वाचणारे किती उरलेत, आणि त्या कागदांची एकावर एक दप्तरं पडलीत ती उघडणार कोण? दप्तर पण फारसी, मामा, सॉरी.

भाचीशी परवा बोलले. मला वाटलं ती रडारड करेल, पण तिने आधीच वेरच्या डिक्शनरीची जुनी कॉपी कुठूनतरी मिळवलीय, इंग्लिशमधली. म्हणाली आत्या, बाबांनी फॉर्मचे पैसे दिलेत, बोलत काही नाहीयेत. मग म्हणाली, "मामाआजोबांच्या यादीतला 'जिल्हा' सापडतच नाहीये, ज पूर्ण पाहिला."

म्हटलं, ज मध्ये नाही मिळायचा. त्यांचा जड द असतो ना, तिथे द-ल-अ बघ.

पानं उलटण्याचा आवाज आला. मग म्हणाली, "इथे तर बरगडी लिहिलंय."

तेच. बरगडी, बाजू. जिल्हा हा अर्थ त्यांच्याकडे नाहीच, तो आपल्या बाजूने केलाय.